न छापलेलं तिसरं पान

भिवंडीतल्या एका साप्ताहिकात मी सात वर्षं काम केलं. कचेरी एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होती. खाली दिवसभर आधारकार्डांच्या प्रती निघायच्या आणि वर आम्ही तिघं अंक काढायचो: संपादक, पानं लावणारा एक ऑपरेटर आणि मी. मी बातम्या लिहायची, प्रुफं तपासायची आणि वाढदिवसाच्या जाहिरातींत 'कार्यसम्राट' नीट छापलंय ना, तेही पाहायची. शनिवारी अंक निघायचा.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि लग्नपत्रिका. वडील अंबाडीजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीने भिवंडीला यायचे आणि एका कारखान्यात कापडाच्या घड्या घालायचे. त्यांना अक्षरं लागतात, पण ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते, असं ते स्वतःच सांगतात. गावच्या शाळेतल्या बाईंनी माझा कॉलेजचा फॉर्म आपल्या हाताने भरला. पदवीनंतर संपादकांनी, ओळख ना पाळख, मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "उद्यापासून ये. चुका करशील, मी ओरडेन, मग जमेल." या दोघांचे उपकार मी विसरलेले नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात मी संपादकांशी भांडले आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

चाचा म्हणजे वडिलांचे जुने सोबती. खाडीकाठच्या जुन्या मुसलमान घरातले. बोलणं आमच्यासारखंच, फक्त राग आला की हिंदीत जायचे. वडील घड्या घालायचे त्याच कारखान्यात चाचा चेकर होते, म्हणजे तयार कापड टेबलावर ओढून त्यातले दोष शोधायचं काम त्यांचं. वडिलांनी काम सोडल्यावर चाचा भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका मोठ्या गोदामात लागले. ते गोदाम एका पुरवठादाराचं होतं. तो इथल्या कारखान्यांतून कापड घेऊन ठिकठिकाणी पाठवायचा, सैन्यालाही.

एका दुपारी चाचा कचेरीचा जिना चढून आले. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात जेवणाचा डबा.

"पोरी, दार लाव."

"चाचा, लाईट गेलीय. दार लावलं तर उकडून निघू आपण."

"उकडू दे. लाव."

मी दार लावलं. त्यांनी डबा बाजूला काढला आणि खालून कागद काढले. तीन पानं, एका टाचणीत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'गोपनीय' असा शिक्का.

"हे कुठून आणलंत?"

"आणलं न्हाय. आलं. मिलिटरीच्या डेपोनं माल परत पाठवला, त्या गठ्ठ्यात होतं. वरच्या ताग्याच्या घडीत. तिकडं बांधणाऱ्यानं घाईत ठेवलं असंल."

कागद इंग्रजीत होते. मी वाचून त्यांना सांगितलं आणि त्यांनी मला गोदामातलं सांगितलं, तेव्हा दोघांनाही सगळं कळलं. पहिली दोन पानं म्हणजे तपासणीचा अहवाल होता. याच पुरवठादाराने तंबूच्या आतल्या अस्तराचं कापड दिलं होतं. ते जागोजागी विरळ होतं, ओढलं की फाटत होतं आणि आधीच्या मालातून शिवलेले तंबू वाऱ्यात उसवल्याच्या तक्रारी आल्या होत्या. दुसऱ्या पानाला कापडाचा तळहाताएवढा नमुना स्टेपल केलेला होता, किनारीसकट. किनारीला एक दोरा बांधलेला होता. अहवालात त्याबद्दल वाक्य होतं की, ही दोषाची खूण पुरवठादाराच्याच तपासनिसाने आधी केलेली दिसते. म्हणजे कापड खराब आहे हे माहीत असूनच ते पाठवलं गेलं होतं.

तिसरं पान म्हणजे यादी होती. सैन्याच्या कुठल्या कुठल्या ठाण्यांवर ते तंबू गेलेत, तिथे किती माणसं आहेत, बदली तंबू कुठल्या महिन्यात आणि कुठल्या रस्त्याने पोचणार.

"आणि आता गोदामात काय चाललंय?" मी विचारलं.

"खुणेचे दोरे कापतायत. पुन्हा घडी, पुन्हा शिक्का, नवा गठ्ठा. तोच माल पुन्हा जाणार. मी बोललो सुपरवायझरला, तर बोलतो, चाचा, तुम्ही बघायचं काम करा, बोलायचं नको." त्यांनी कागदांवर बोट ठेवलं. "छाप तू हे. पण एक सांगून ठेवतो. माझं नाव कुठं आलं तर मी गेलो. कामावरनं जाईनच. वर हा मिलिटरीचा कागद हाय. या वयात मला लॉकअप बघायचं न्हाय."

"तुमचं नाव येणार नाही, चाचा. शब्द देते."

मी तो शब्द मनापासून दिला होता. आज ही गोष्ट लिहिताना सगळ्यात जड जातं ते तेवढंच वाक्य.

संपादक संध्याकाळी आले. त्यांनी तीनही पानं वाचली आणि तिसरं वर ठेवलं.

"हीच बातमी. हे पान अख्खं छापायचं."

"सर, हे नको."

"का? पहिली दोन पानं काय, कुणीही टाईप करेल. पुरवठादार उद्या म्हणेल कागद बनावट आहे. ही यादी मनाने कोण बनवणार?"

"यात माणसं कुठे झोपतात ते लिहिलंय. किती आहेत ते लिहिलंय. सामान कुठल्या रस्त्याने येणार तेही."

"आपला अंक पडघ्याच्या पुढे जात नाही. शत्रू काय आपला वर्गणीदार आहे?"

ऑपरेटर हसला. मलाही हसू आलं, पण मी सोडलं नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा फौजेत आहे. तो कुठे आहे हे त्याच्या आईलाही माहीत नसतं. ती फोनवर एवढंच विचारते, थंडी आहे का? तो आहे म्हणाला की ती समजते, वर कुठेतरी आहे. जे आईला सांगत नाहीत ते आपण वाढदिवसाच्या जाहिरातीशेजारी कसं छापायचं, असं मी म्हणाले.

"तू बातमीदार आहेस की त्याची मावशी?"

"बातमीदारच आहे. म्हणून विचारते, वाचकाला या पानातून कळायला हवं असं काय आहे? कापड खराब आहे हे पहिल्या पानात आलंय. जाणूनबुजून पाठवलं हे दुसऱ्यात आलंय."

संपादक पेन्सिलीने टेबलावर ठोकत राहिले. मग म्हणाले, "एक ऐक. गोपनीय लिहिलंय म्हणून तू घाबरतेस ना? गटाराच्या नकाशावरही उद्या तो शिक्का मारतील. शिक्क्याला मान दिला की आपलं दुकान बंद."

हे त्यांचं बरोबर होतं आणि मी तसं म्हणालेही. शिक्का तिन्ही पानांवर सारखाच होता, पण तिन्ही पानं सारखी नव्हती. जे लपवलं की पुरवठादार बचावतो ते छापायचं आणि जे लपवलं की तंबूतला माणूस बचावतो ते ठेवून द्यायचं, असा माझा हिशेब होता. तो काही पुस्तकात वाचलेला नव्हता. त्या उकाड्यात बोलता बोलता सुचला. संपादकांनी शेवटी तिसरं पान माझ्याकडे सरकवलं.

"ठीक. पण मूळ कागद इथे नकोत. कुणी आलं तर आधी कचेरीच उपसतील. तुझ्या घरी ठेव."

पुरवठादाराला आम्ही फोन केला. "असा कागदच नाही," म्हणून त्याने ठेवून दिला. तेही आम्ही छापलं.

अंक लावताना मी फार काळजी घेतली. दुसऱ्या पानाचा फोटो छापायचा होता, कारण पुरावा म्हणून तेवढाच हातात होता. झेरॉक्सवर काळ्या मार्करने मी एकेक गोष्ट पुसली: अहवालाचा क्रमांक, डेपोचं गाव, अधिकाऱ्याचं नाव, सही, तारीख, गठ्ठ्याचा नंबर. मग उजेडाकडे धरून पाहिलं की खालचं दिसत तर नाही ना. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, आता नुसतं काळंच राहिलं. फोटो कशाचा म्हणून छापायचा?" तेव्हा मीच सुचवलं की कापडाचा नमुना मोठा करून टाक. त्यावर एकही अक्षर नव्हतं. कापडाचा तुकडा, विरळ जागा आणि किनारीचा दोरा. फोटो इतका छान उठला की दोऱ्याचा पीळसुद्धा दिसत होता.

शनिवारी अंक निघाला. रविवारी सकाळी मी एक अंक गावी घेऊन गेले. वडील ओट्यावर बसले होते. बातमी वाचून दाखवते असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आधी फोटू बघतो." अंक लांब धरला, मग जवळ आणला.

"ह्यो चाचाचा तागा ना?"

मी वेड पांघरून विचारलं, "कोण चाचा?"

"कोन चाचा काय इचारतंस? आपला चाचा. ही गाठ त्याचीच हाय. दोन येढे आन एक शेपूट लांब. दुसरा कोन बांधतंय अशी?"

"गाठ बघून कसं कळतं, बाबा?"

"मंग कशी कळनार? बारा वरसा त्याच्या गाठी बघून घड्या घातल्या मी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. चेकर दोष दिसला की किनारीला दोरा बांधतो. एका टेबलावर तीन-चार चेकर असतात. पुढे तक्रार आली तर कुणी तपासलं होतं हे कळायला हवं. पूर्वी बहुतेकांना लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येकाची गाठ वेगळी. एकाची साधी, एकाची दोन्ही टोकं कापलेली, एकाची उलटी. सुपरवायझर, घडीवाले, गठ्ठे बांधणारे, सगळ्यांना सगळ्यांच्या गाठी पाठ. कागदावरच्या सहीपेक्षा पक्की गोष्ट. नवा चेकर आला की पहिल्या दिवशी त्याला विचारतात, तुझी गाठ कुठली.

मी घडीवाल्याची मुलगी. लहानपणी त्या कारखान्यात वडिलांच्या डब्याशेजारी बसून मी अभ्यास केला आहे. पण मी तिथे पुस्तक वाचत होते, कापड कधी पाहिलंच नाही. त्या फोटोवरचं एकेक अक्षर मी चार वेळा तपासून पुसलं आणि ज्यावर अक्षर नव्हतं ते मोठं करून छापलं.

मी तशीच उठले आणि अंबाडीहून मिळाली ती गाडी धरून भिवंडीत आले. चाचा घरीच होते. मला पाहून त्यांनी चप्पल काढायला जागा दाखवली, एवढंच.

"कालच झालं," ते म्हणाले. "दुपारी मालकाचा माणूस पेपर घेऊन आला. टेबलावर पसरला. आम्ही तिघे चेकर. बोलला, एक एक दोरा घ्या आणि गाठ बांधा."

"मग?"

"मग काय. दोघांनी बांधली. माझी पाळी आली. मी म्हटलं, साधी बांधू. चालू केली साधी. पण हात ऐकंना, पोरी. बांधून बघतो तर माझीच. सुपरवायझरनं मान खाली घातली बिचाऱ्यानं. त्याला तर फोटो बघूनच कळलं होतं."

मी रडायला लागले. ते वैतागले. "रोना बंद कर. रोने से क्या होगा?"

"तुम्ही मला सांगितलं का नाही, गाठ तुमची आहे ते?"

"मला वाटलं तुला माहीत असंल. बाप घडीवाला आणि पोरीला गाठ कळत न्हाय? आणि तू फोटो छापशील हे कुठं बोललीस? मला वाटलं लिहिशील. पेपरात लिहितात."

आम्ही दोघंही समोरच्याला माहीत असेल असं धरून चाललो होतो. दोष माझाच जास्त, कारण शब्द मी दिला होता.

पुढे आणखी वाईट झालं. पुरवठादाराने पोलीस ठाण्यात अर्ज दिला की असा कुठला अहवालच नाही, चेकरने कामावरचा राग काढायला बनावट कागद तयार करून पेपरला दिले. चाचांना बुधवारी जबाबाला यायला सांगितलं.

सोमवारी संपादक कचेरीत माझ्याआधी येऊन बसले होते. ते मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"तिसरं पान आण," ते म्हणाले. "आता तरी पटतंय का? खास अंक काढू, उद्याच. इतकी ठाणी, इतके आकडे. बनावट म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. चाचा सुटतील."

चाचा अडकले ते माझ्यामुळे आणि त्यांना सोडवायची किल्ली माझ्या भिवंडीतल्या घरी, कपाटात साड्यांखाली होती. मी म्हणाले, "आधी चाचांना विचारते." खरं सांगायचं तर ते 'नको' म्हणतील आणि माझी सुटका होईल, अशी मला आशा होती.

ते नको म्हणाले नाहीत.

"छाप," चाचा म्हणाले.

"चाचा, त्यात तिथल्या माणसांचे..."

"मला माहीत हाय काय हाय त्यात. तूच वाचून दाखवलंस. माणसं हायत तिथं. आणि मी कोण? मी माणूस न्हाय?"

"तसं नाही."

"तुझं ते पान तुझ्याकडे सेफ हाय. मी हाय का सेफ?"

मी एवढंच म्हणाले, "मी ते छापणार नाही. पण बुधवारच्या आत काहीतरी करते." त्यांनी तोंड फिरवलं. मी निघाले तेव्हा त्यांनी नेहमीसारखं 'सांभाळून जा' म्हटलं नाही.

रात्रभर मला काय सुचलं असेल तर ते आमच्या खालच्या झेरॉक्सवाल्याचं वाक्य. कुठल्याही सरकारी खिडकीवर कागद द्यायला आलेल्या माणसाला तो दोन प्रती काढायला लावतो आणि सांगतो, "एकावर पोच घ्या. पोच नाही तर तुम्ही गेलाच नव्हता." भिवंडीत खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

मंगळवारी सकाळी मी तीनही मूळ पानं एका पाकिटात घातली, सोबत एक अर्ज लिहिला आणि अहवालावर ज्या डेपोचा पत्ता होता त्या गावची गाडी पकडली. पहिल्या दोन पानांच्या प्रती ठेवल्या. तिसऱ्याची काढली नाही. गाडीतून संपादकांना फोन केला.

"मला विचारल्याशिवाय?" ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग आता कशाला सांगतेस?"

"मला काही झालं तर घरी कळवाल म्हणून."

ते म्हणाले, "ओढणी गेटवरच्या शिपायाने काढायला सांगितली तर काढू नकोस, बाईला बोलवा म्हणायचं. आणि पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नकोस." त्यांच्या तोंडूनही तेच निघालं.

गेटवर साडेतीन तास बसले. पाणी मिळालं. शेवटी एका अधिकाऱ्यासमोर नेलं. साहेबांना मराठी समजत होतं, बोलत हिंदीत होते. त्यांच्या टेबलावर आमचा शनिवारचा अंक होता, म्हणजे तो पडघ्याच्या बराच पुढे गेला होता.

"ये किसने दिया?"

"ते मी सांगणार नाही, साहेब."

"आप जानती हैं ये जुर्म है?"

"हो. म्हणून परत द्यायला आले. पण आधी या प्रतीवर पोच हवी."

ते चिडले. दुकानदारासारखा सौदा करतेस का, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. मी पाकीट मांडीवर धरून बसून राहिले. त्यांनी विचारलं की तिसरं पान का छापलं नाही. मी वर्गातल्या मुलाच्या आईचं सांगितलं. "तर मग पहिली दोन का छापली?" असं विचारल्यावर मी म्हणाले, "साहेब, तो माल पुन्हा तुमच्याकडेच येणार होता. नवा शिक्का मारून." ते त्यांना माहीत नव्हतं; गोदामातली माहिती चाचांकडे बोट दाखवेल म्हणून ती आम्ही छापली नव्हती. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि लिहून घेतलं. माझं नाव, पत्ता, वडिलांचं नावही लिहून घेतलं. आभार वगैरे काही मानले नाहीत. मग कारकुनाला बोलावलं. कारकुनाने माझ्या अर्जाच्या प्रतीवर लिहिलं: मूळ कागद, पाने तीन, कापडाचा नमुना एक, मिळाले. खाली अहवालाचा क्रमांक, सही, गोल शिक्का.

बुधवारी चाचांबरोबर मी आणि संपादक दोघंही पोलीस ठाण्यात गेलो. पोच टेबलावर ठेवली. ठाण्यातल्या साहेबांनी ती दोनदा वाचली. जो कागद अस्तित्वातच नाही तो डेपोने क्रमांक टाकून परत कसा घेतला, एवढाच प्रश्न त्यांनी पुरवठादाराच्या माणसाला विचारला. बनावट कागदाचा अर्ज तिथेच बारगळला. पण साहेब माझ्याकडे वळले. "मग मॅडम, खरा गोपनीय कागद तुमच्याकडे काय करत होता?"

मी तोंड उघडायच्या आत संपादक म्हणाले, "अंकात जे येतं त्याची जबाबदारी संपादकाची. माझा जबाब घ्या."

त्यानंतर आम्हाला दोघांना दोनदा बोलावलं. गठ्ठा बांधताना चूक कुणाची झाली याची चौकशी डेपो स्वतः करतोय, असं ऐकलं. पुढे कुणी बोलावलं नाही. वळच्या गोदामातले ते गठ्ठे ट्रकमधून कुठेतरी गेले. परत डेपोत गेले की जप्त झाले, त्या ठाण्यांवर बदली तंबू वेळेत पोचले का, हे मला कळलं नाही. विचारायची सोयही नव्हती.

चाचांना लॉकअप पाहावं लागलं नाही. पण काम गेलं ते गेलंच. ज्याची गाठ पेपरात छापून आलीय असा चेकर कुठल्याच गोदामाला नको होता. बाजारात कुजबुज वेगळीच होती: चाचांनी गोदामातून काहीतरी चोरलं, पेपरवाल्यांनी सोडवलं.

महिनाभराने ते कचेरीत आले. इस्त्री केलेला सदरा घालून. ते पान छापायला मी नकार दिला त्या दिवसानंतर ते माझ्याशी नीट बोलले नव्हते. खुर्चीत बसले आणि संपादकांना म्हणाले, "नाव टाका."

"कुणाचं?"

"माझं. आता लपवून काय? सगळ्यांना माहीत हाय. पण ज्याला त्याला अर्धंच माहीत हाय. कोण चोर बोलतो, कोण खबऱ्या. पूर्ण टाका. कापड मी तपासलं, खराब होतं, खूण मी केली, तरी त्यांनी पाठवलं. एवढं लिहा, खाली माझं नाव लिहा."

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मध्येच म्हणाले, "आणि या वेळी फोटो माझा टाक. गाठीचा नको, ती लई फेमस झाली." ऑपरेटर इतका हसला की त्याला ठसका लागला. चाचाही हसले. माझ्याकडे पाहून हसले, हे मी लक्षात ठेवलंय.

लिहून झाल्यावर मी वाचून दाखवलं. एका वाक्यापाशी त्यांनी हात वर केला.

"'धाडसी' काय लिहिलंस? काढ ते."

"का?"

"धाडस काय त्यात? तागा खराब होता, मी खराब बोललो. चाळीस वर्षं तेच बोलतोय."

मी तो शब्द खोडला. बातमी त्यांच्या नावासकट, फोटोसकट पहिल्या पानावर आली. दोन आठवड्यांनी त्यांना शहरातल्या एका कारखान्यात काम मिळालं. मालकाने त्यांना सांगितलं म्हणे, तुम्ही पास केलेला माल मला पुन्हा बघावा लागणार नाही.

हे लिहायला घेण्याआधी मी चाचांना विचारलं की नाव घालू का. ते म्हणाले, "तेव्हा गरज होती म्हणून दिलं. त्या एका अंकापुरतं. आता नातू शाळेत जातो, आता नको." म्हणून इथे ते नुसते चाचा आहेत.